लांबच्या प्रवासाला गाडी घेताय? आधी एवढं वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे मोटरसायकल येते ती बहुतेक वेळा विकत घेऊन झाल्यावर. सीट बदलून द्या, हँडल थोडं वर उचला, फूटरेस्ट मागे-पुढे होतील का बघा, ही आमची रोजची कामं. यातली बरीचशी गाडी निवडतानाच टाळता आली असती, हे आम्हाला गाडी बघताक्षणी कळतं, पण तेव्हा बोलून उपयोग नसतो. म्हणून हे पत्रक. स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडताय, असं कुणी म्हणेल. पण अंगाला न मानवणाऱ्या गाडीवर आम्ही कितीही हात फिरवला तरी गिऱ्हाईक चारशे किलोमीटर जाऊन आलं की पुन्हा कंबर धरूनच दारात उभं राहतं.

शोरूममधली तीन मिनिटं

गाडी स्टँडवर असते. तुम्ही टांग टाकून बसता, दोन्ही पाय जमिनीला टेकतात, सीट गुबगुबीत लागते आणि तोंडातून निघतं, "वा, मस्त!" ते खोटं नसतं. फक्त तेवढ्या तीन मिनिटांपुरतं खरं असतं. लांबच्या प्रवासातलं दुखणं साधारण दुसऱ्या तासात सुरू होतं, आणि शोरूममध्ये दोन तास कोण बसून राहतं?

मऊ सीट हा यातला सगळ्यात मोठा चकवा. बसल्यावर शरीराचा भार मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येतो. फोम फार मऊ असेल तर ही हाडं त्यात रुतत जातात आणि तासाभरात खालच्या प्लास्टिकच्या बेसपर्यंत पोचतात. मग तुम्ही फोमवर बसलेले नसताच. मध्यंतरी एका गाडीची सीट उघडली. कव्हर अगदी नव्यासारखं, एक सुरकुती नाही. स्टेपल काढून ते बाजूला केलं तर आत वीतभरापेक्षा कमी अंतरावर दोन खळगे, अंगठा टेकवला तर थेट बेस लागत होता. मालक शेजारीच उभे होते. म्हणाले, "अहो, घेताना तर सोफ्यासारखी वाटली होती!" आमचे कारागीर म्हणाले, "साहेब, सोफ्यावर तुम्ही पाय पसरता, कूस बदलता. इथे सहा तास एकाच जागी बसता."

तेव्हा सीट बघताना अंगठ्याने जोर देऊन दाबा. सहज तळ लागला तर ती लांबच्या कामाची नाही. चांगली सीट पहिल्यांदा बसल्यावर थोडी कडकच वाटते. मागच्या बाजूला रुंद, मांड्यांकडे निमुळती आणि वरून बऱ्यापैकी सपाट असावी. टाकीकडे उतार असलेली सीट आमच्या मते सगळ्यात वाईट: ब्रेक लावला की पुढे घसरायचं, हातांनी स्वतःला मागे ढकलायचं, पुन्हा घसरायचं. संध्याकाळी मनगटं दुखतात आणि माणूस हँडलला दोष देतो. जेलच्या गाद्यांबद्दल नेहमी विचारणा होते. काहींना त्या मानवतात, पण गाडी उन्हात उभी राहिली की जेल तापतं आणि बराच वेळ तापलेलंच राहतं. हवा खेळती ठेवणारं जाळीचं कव्हर अनेकदा त्याहून कामाचं ठरतं.

सीट, हँडल, फूटरेस्ट

या तीन जागांमधली अंतरं तुमचं बसणं ठरवतात. बाकी सगळं नंतर.

क्रूझर दिसायला सगळ्यात आरामशीर. पाय पुढे, पाठ मागे, हात सैल. पण पाय पुढे गेले की शरीराचा जवळजवळ सगळा भार माकडहाडावर आणि कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. खड्डा दिसला तरी पायांवर जोर देऊन बूड उचलता येत नाही, त्यामुळे दणका थेट पाठीत. गुळगुळीत रस्त्यावर क्रूझर सुखाची आहे, रस्ता बिघडला की नाही. स्पोर्ट्‌स गाडीचं उलट: भार मनगटांवर आणि मानेवर. मात्र वेग वाढला की समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटं थोडी हलकी होतात, म्हणून मोकळ्या रस्त्यावर ती वाटते तितकी छळत नाही. शहरातून बाहेर पडेपर्यंत मात्र छळते.

बहुतेकांना मानवतं ते मधलं बसणं. पाठ जवळपास ताठ, किंचित पुढे कललेली, कोपरात थोडा बाक, आणि पाय मांड्यांच्या खाली, म्हणजे वाटेल तेव्हा फूटरेस्टवर उभं राहता येईल असे. टूरिंग आणि ॲडव्हेंचर प्रकारच्या गाड्या साधारण अशाच असतात. पारखायची सोपी युक्ती आहे. उभ्या गाडीवर नेहमीसारखे बसा आणि दोन्ही हात हँडलवरून हळूच उचला. पाठ आहे तिथेच राहिली तर उत्तम. पुढे कोसळायला लागलात, तर तेवढा भार आजवर तुमची मनगटं वाहत होती.

उंचीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक हमखास चुकतात. एक गृहस्थ आले, उंचीने बेताचे. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत हा हट्ट. आम्ही सांगून पाहिलं, मग सीटचा फोम कापून ती खाली आणून दिली. महिन्याभराने परत हजर, या खेपेला गुडघे धरून. साहजिकच होतं. सीट खाली आली, फूटरेस्ट होते तिथेच राहिले, त्यामुळे गुडघ्यांची घडी जास्त आवळली गेली. शेवटी फोम पुन्हा भरला आणि सिग्नलला एकच पाय पूर्ण टेकवायची सवय त्यांनी करून घेतली. एका पायाचा चवडा नीट टेकत असेल तर बहुतेक गाड्या सांभाळता येतात. पाय टेकण्याची वेळ दिवसात मोजकीच येते, गुडघे दुमडून बसायचं असतं दिवसभर.

वारा

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलात तर छातीवरचा जोर दीडपटीहून थोडा जास्त होतो, १२० वर गेलात तर सव्वादोन पट. न दिसणारी ही कुस्ती दिवसभर चालते, आणि संध्याकाळी मान-खांदे भरून येतात त्याचं कारण बऱ्याचदा तीच असते.

म्हणून हँडलच्या पुढे वारा अडवणारी काच हवी. पण उंच काच म्हणजे चांगली काच, हा गैरसमज. काचेच्या कडेवरून येणारा वारा घुसळलेला असतो. हा पट्टा नेमका हेल्मेटवर आदळला की डोकं सतत थरथरतं आणि डोळ्यांसमोरचा रस्ता हलायला लागतो. त्यापेक्षा छोटी काच आणि चेहऱ्यावर सरळ येणारा वारा बरा. काच अशी असावी की तुमची नजर तिच्या वरून जाईल, आरपार नव्हे. पावसात आणि रात्री आरपार बघणं त्रासाचंच. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना, डावा तळहात काचेमागून हळूहळू वर न्या. शांत हवा कुठे संपते आणि धडपड कुठे सुरू होते ते हाताला बरोबर कळतं. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आणलेल्या आर १०० आरएस या मोटरसायकलचं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं आवरण, विंड टनेलमध्ये (कृत्रिम वारा सोडणाऱ्या बोगद्यात) तपासून घडवलं होतं, इतका हा बारकाव्याचा विषय आहे. वर पुन्हा प्रत्येकाची उंची वेगळी. मित्राच्या गाडीवर त्याला लाभलेली काच तुम्हाला लाभेलच असं नाही.

जाता जाता: महामार्गाच्या वेगात हेल्मेटच्या आत जो आवाज असतो तो मुख्यतः वाऱ्याचा, इंजिनाचा नव्हे. तासन्‌तास ऐकल्यावर तो थकवतो आणि कानांना इजाही करतो. जिथे नियमात बसतं तिथे फोमचे साधे कानबोळे घालून बघा.

इंजिन: ताकदीपेक्षा थरथर बघा

हातांना मुंग्या आल्या की लोक ग्रिप बदलतात. ग्रिपने थोडा फरक पडतो, पण मूळ इंजिनात असतं. एका सिलिंडरच्या इंजिनात एकच मोठा पिस्टन वर-खाली होतो, त्याचा झटका बॅलन्सर शाफ्टने, म्हणजे उलटा झटका देणाऱ्या फिरत्या दांड्याने, कमी करतात, पूर्ण जात नाही. दोन सिलिंडर असले की दोन पिस्टनचे झटके एकमेकांविरुद्ध लावता येतात. हल्ली बऱ्याच गाड्यांत दिसणारी २७० अंशांची क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरता दांडा) यासाठीच लोकप्रिय आहे. एका ओळीतले चार सिलिंडर गुळगुळीत चालतात, तरी काही गाड्यांत ठरावीक आरपीएमवर बारीक झिणझिण जाणवतेच.

गुळगुळीतपणाचं टोक म्हणजे होंडाची गोल्डविंग. १९७४ साली ती समोर आली तेव्हा आडवे चार सिलिंडर होते, १९८८च्या मॉडेलपासून सहा झाले. इंजिन चालू आहे की बंद, असा प्रश्न पडावा. पण त्यासोबत साडेतीनशे किलोंहून जास्त वजनही येतं.

तुमच्या कामाचा प्रश्न एवढाच: तुम्ही ज्या वेगाने तासन्‌तास जाणार आहात, त्या वेगाला ही गाडी थरथरते का? ताशी ९० ने जाणार असाल तर शेवटच्या गिअरमध्ये ९० धरा आणि पाच मिनिटं तसेच राहा. आरशात बघा. मागची गाडी स्वच्छ दिसतेय की तिचा नुसता धूसर ठिपका? आरसा खोटं बोलत नाही. तीच गाडी ७५ला शांत असते, ९०ला कुरकुरते आणि १०५ला पुन्हा शांत होते, असंही आम्ही पाहिलंय.

वजन आणि ओझं

चालत्या गाडीचं वजन जाणवत नाही, उलट आडव्या वाऱ्यात जड गाडी बरी वाटते. वजन जाणवतं ते खडीवर, उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना, थकलेल्या पायांनी. म्हणून घेण्याआधी इंजिन बंद करून गाडी दहा पावलं मागे ढकलून बघा. टाकी भरलेली असू द्या. २० लिटर पेट्रोलचं वजन साधारण १५ किलो होतं आणि ते उंचावर असतं.

दुसरा आकडा कुणी बघतच नाही. माहितीपुस्तिकेत गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतो तुमचा वाटा. समजा ४०० वजा २२०, उरले १८०. पंचाहत्तर किलोंची दोन माणसं बसली की दीडशे गेले, हेल्मेट-जॅकेट-बूट यांचे दहा. सामानाला राहिले वीस, आणि त्यातच बॉक्स आणि त्यांच्या फ्रेमचं वजनही आलं. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला बांधा. मागच्या चाकाच्याही पाठीमागे लटकणारा भरगच्च टॉप बॉक्स पुढचं चाक हलकं करतो, आणि वेगात हँडल डुलायला लागतं.

न फिरवलेला स्प्रिंग

मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे त्याचा स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायचा ते, तुमच्या वजनाप्रमाणे बदलता येतो. कंपनीतून तो कुठल्या तरी सरासरी माणसासाठी बसवून आलेला असतो. आमच्याकडे सीटची तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांनी तो एकदाही हलवलेला नसतो. तुम्ही पूर्ण पोशाखात बसल्यावर मागची बाजू सस्पेन्शनच्या एकूण प्रवासाच्या (ते जितकं दबू शकतं त्या अंतराच्या) साधारण एक तृतीयांश खाली यावी. १२० मिलिमीटरचा प्रवास असेल तर सुमारे ४०. यापेक्षा फार जास्त बसत असेल तर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप तळाला आपटणार, फार कमी बसत असेल तर गाडी उडणार. मागे माणूस आणि सामान असलं की पुन्हा फिरवायचा. गाडी घेताना ही सोय आहे का, आणि सोबतच्या पान्याने तुम्हाला ती वापरता येते का, ते करून बघा.

मागे बसणारी व्यक्ती

दोघं फिरणार असाल तर ट्रायलला दोघं जा. मागची सीट बऱ्याच गाड्यांत नावापुरती असते, फूटरेस्ट उंच, गुडघे छातीशी. धरायला कडी हवी, सायलेन्सरची धग पोटरीला लागायला नको. आणि त्यांचं मत घरी गेल्यावर एकट्याने विचारा. विक्रेत्यासमोर माणूस "ठीक आहे" म्हणून मोकळं होतं.

टाकीबद्दल फार काळजी करू नका. एका भरणीत ३०० किलोमीटर जात असेल तर पुरे, त्याआधी शरीरच थांबायला सांगतं. ट्यूबलेस टायर असले तर पंक्चर रस्त्याच्या कडेला स्वतः काढता येतं. चेन असेल तर दर ५०० ते १००० किलोमीटरला तेल हवं. चेनऐवजी शाफ्ट (मागचं चाक फिरवणारा दांडा) असेल तर ती कटकट नाही, पण वजन वाढतं.

ट्रायल कशी घ्यावी

दहा मिनिटांच्या ट्रायलवर गाडी घेऊ नका. किमान तासभर मागा. नाहीच मिळाला, तर तेच मॉडेल दिवसभरासाठी भाड्याने घ्या. स्वतःचे बूट, जॅकेट, हेल्मेट घाला. थोडा खराब रस्ता मुद्दाम शोधा. उतरल्यावर लगेच मत बनवू नका. पाच मिनिटं चाला आणि आधी काय दुखलं, मग काय, ते त्याच क्रमाने लिहून ठेवा.

गाडी आधीच घेतलेली असेल तर हाच कागद आमच्याकडे घेऊन या. "कंबर दुखते" यापेक्षा "दीडशे किलोमीटरनंतर उजवं बूड बधिर, मग डावं मनगट" असं लिहिलेलं असलं तर आमचं निम्मं काम झालेलं असतं. लांब जाताना घालता तेच कपडे घालून या, सामान बांधूनच या. आणि येण्याआधी टायरमधली हवा थंड टायरला, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे तपासा. नवीन सीट करून घ्यायला आलेली काही मंडळी जास्तीची हवा सोडून, प्रीलोड दोन खाचा कमी करून, तशीच परत गेली आहेत.