मैलाचे दगड (नाशिक परिसर)

रस्त्याचे अंतर दाखवण्यासाठी कडेला रोवलेले घडीव दगड. नाशिक परिसरात त्यांचा विचार मुख्यतः मुंबई–आग्रा रस्त्याच्या संदर्भात करावा लागतो. कसारा (थळ) घाट चढून हा रस्ता इगतपुरी, घोटी, विल्होळीवरून नाशकात येतो आणि ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवडकडे जातो. त्याचा ‘राष्ट्रीय महामार्ग ३’ हा क्रमांक २०१० च्या फेरक्रमांकनात गेला. शहरात ‘जुना आग्रा रोड’ हे नाव टिकून आहे.

याच नावामुळे दगडांचा उगम मोगलकाळात शोधण्याचा मोह होतो. मार्ग जुना आहे, हे खरे. पण मार्गाचे वय दगडाला लावता येत नाही. मोगलांच्या कोस मिनारांची (दर कोसाला उभारलेल्या अंतरखुणांची) मुख्य रांग आग्रा–दिल्ली–लाहोर मार्गावरची, आणि तेही विटा-चुन्याचे उंच मनोरे. शिवाय कोस प्रांतोप्रांती बदलणारा, ढोबळपणे २ मैलांचा. मैल मात्र जमीनमोजणीच्या साखळीने मोजलेला: ६६ फुटांची साखळी, १० साखळ्यांचा फर्लांग, ८ फर्लांगांचा मैल. त्यामुळे मैल कोरलेला दगड इंग्रजी अमदानीतील, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, मानणे अधिक सयुक्तिक. अलीकडची मर्यादा तुलनेने स्पष्ट आहे. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि पुढे मैलांच्या जागी किलोमीटर (१ मैल = १.६०९ किमी) आले. तथापि जुनाच दगड रंगवून नवा आकडा घालणे सहज शक्य असल्याने रंगवलेल्या आकड्यावरून कालनिश्चिती करू नये. रंगाचे पापुद्रे सुटल्यावर खाली छिन्नीची खोदरेघ लागते का, ते पाहावे. बोटाने चाचपूनही ती कळते.

माथ्याचा पिवळा रंग राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. हा संकेत आधुनिक असून दगडाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. दर पाचव्या किलोमीटरचा दगड इतरांहून मोठा असतो.

डांबराचे थर चढले की दगड कमरेपर्यंत गाडला जातो, रुंदीकरणात तो उपटला जातो. शेंदूर लागलेल्या दगडाला सहसा कोणी हात लावत नाही, परंतु तो मुळात मैलाचा, शिवेचा की म्हसोबाचा, हे वरून ठरवणे अवघड. शेंदराचा थर अक्षरेही बुजवतो.

मुंबई नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका ही नावेही मैलाच्या दगडांसारखी रस्त्याची खूण, फक्त दगडाविना. नाका म्हणजे मुळात जकात वा पथकर घेण्याची चौकी. बांधकाम खात्याच्या भाषेतही जुने माप शिल्लक आहे. रस्त्याच्या देखभालीवरचा मजूर किलोमीटर येऊनही ‘मैलकुली’च राहिला, आणि निविदांमध्ये अंतर किलोमीटरमध्ये देतानाही त्याआधी ‘सा. क्र.’, म्हणजे साखळी क्रमांक, असेच छापतात.