छाट कलम की गुटी कलम?

नर्सरीत दोन्हींना नुसतं 'कलम' म्हणतात, म्हणून घोळ होतो. छाट कलमात फांदी आधी तोडायची, मुळं नंतर फुटतात. गुटीत फांदी झाडावरच ठेवून मुळं आधी फुटू द्यायची, मग फांदी तोडायची. (हापूसचं कलम तिसरंच, तिथे कोयीच्या रोपावर हापूसची काडी जोडतात.)

सगळी गोम या क्रमात आहे. तोडलेल्या काडीचं पाणी बंद होतं, पानं मात्र ते उडवत राहतात. मुळं येण्याआधी काडी सुकली की संपलं. गुटीत फांदीवरून सालीचं गोल कडं काढलं तरी आतल्या लाकडातून पाणी वर चढतच राहतं. पानांनी बनवलेलं अन्न खाली उतरताना मात्र कड्यापाशी अडतं आणि तिथेच मुळं फुटतात.

जास्वंद, मोगरा, तगर, अंजीर यांना छाट पुरते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, 15 ते 20 सेंमी लांब काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली, तिरका, वरचा सरळ. म्हणजे काडी उलटी खोचली जात नाही. दोन डोळे गाडा, वर एक-दोन पानंच ठेवा, तीही अर्धी कापून. निम्मी जाड वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि सावली. शेणखत नको, काडी कुजते. आठ-दहा दिवसांत पालवी दिसली की लोक खूश होऊन कुंडी उन्हात नेतात. ती पालवी काडीतल्या साठ्यावर आलेली असते, मुळांवर नाही! उपटून बघण्याचा मोहही आवरा, कोवळी मुळं तुटतात.

डाळिंब, कागदी लिंबू, पेरू यांना गुटीच बरी, तीही पावसाळ्यात. वर्षभराच्या फांदीवरून अडीच-तीन सेंमी रुंद साल पूर्ण गोल काढा आणि खालचा बुळबुळीत थर खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते, मुळं येत नाहीत. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) गुंडाळा, वर पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीने करकचून. टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी शिरून सगळं सडतं. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात. पांढरी असताना घाई नको, तपकिरी झाली की गुटीच्या खाली कापा. लावताना प्लॅस्टिक काढा, मॉस तसंच ठेवा.

जास्वंदीच्या एका लांब फांदीच्या पाच-सहा छाटी होतात, गुटीची फांदी एकच रोप देते. आणि शेजाऱ्यांकडे छाट मागायला एकदा जावं लागतं, गुटीसाठी दोनदा.