शिपमन प्रकरण

हॅरल्ड शिपमन (१९४६–२००४) या इंग्लंडमधील फॅमिली डॉक्टरने आपल्याच रुग्णांच्या केलेल्या हत्यांचे प्रकरण. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात त्याचा दवाखाना होता. बोलावले की घरी येणारा डॉक्टर म्हणून त्याचा लौकिक होता, आणि बहुतेक हत्या अशा घरभेटींतच झाल्या. डायमॉर्फिनचे (हेरॉइनचे औषधी रूप) इंजेक्शन देऊन झाले, की मृत्यूचा दाखलाही तोच लिही : वार्धक्य, हृदयविकार. हे औषध तो कर्करोगाच्या रुग्णांच्या नावावर घेई आणि रुग्ण दगावल्यावर उरलेला साठा स्वतःकडे ठेवी. पेथिडीनसाठी (मॉर्फिनसारखे अमली वेदनाशामक) खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल १९७६ मध्ये त्याला दंड झाला होता, तरी वैद्यक परिषदेने त्याची नोंदणी रद्द केली नाही.

मृत्यू संशयास्पद असेल तर तो कोरोनरला कळवायचा (अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी; हे पद पूर्वी मुंबईतही होते), असा नियम होता. पण कळवायचे की नाही, हे उपचार करणारा डॉक्टरच ठरवी. म्हणजे गुन्हेगारानेच स्वतःविरुद्ध वर्दी द्यायची! दहनासाठी मात्र दुसऱ्या डॉक्टरची सही लागे. अशा सह्या करणाऱ्या शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टरांना मृतांची संख्या खटकली. शिवाय बऱ्याच वृद्ध स्त्रिया नेहमीच्या कपड्यांत, खुर्चीत बसल्या जागी गेलेल्या. या डॉक्टरांनी मार्च १९९८ मध्ये कोरोनरला कळवले. पोलिसांनी शिपमनची जुनी शिक्षासुद्धा न तपासता चौकशी गुंडाळली. त्यानंतर आणखी तिघींचा बळी गेला.

त्यांतील शेवटची ८१ वर्षांची. तिच्या नावाच्या मृत्युपत्रात जवळजवळ सारी मालमत्ता डॉक्टरला दिलेली होती. मुलगी स्वतः वकील; तो गचाळ टंकलिखित कागद तिला पटेना. दफन झालेले असल्याने शव उकरून तपासता आले व त्यात डायमॉर्फिनचा अंश सापडला. मृत्युपत्र शिपमनच्याच टंकलेखनयंत्रावरचे निघाले. मृतांच्या आजारांच्या नोंदी त्याने मागील तारखा घालून संगणकात घुसडल्या होत्या. पण नोंद खरोखर केव्हा केली ती वेळही यंत्र साठवते, हे त्याच्या गावी नव्हते.

प्रेस्टनच्या न्यायालयाने ३१ जानेवारी २००० रोजी १५ खुनांसाठी त्याला जन्मठेप दिली. न्यायाधीश जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये २१५ बळी निश्चित केले (१७१ स्त्रिया, ४४ पुरुष). अंतिम अंदाज सुमारे २५०. मृत्युपत्राचा मोह एकदाच दिसतो, बाकीच्या हत्यांमागचा हेतू कळलाच नाही. त्याने कधी कबुली दिली नाही. जानेवारी २००४ मध्ये वेकफील्ड तुरुंगात गळफास घेतला.

चौकशीच्या शिफारशींवरून अमली औषधांच्या साठ्यावरील देखरेख कडक झाली. दाखल्याच्या पद्धतीला फार वेळ लागला : कोरोनरकडे न जाणाऱ्या प्रत्येक मृत्यूची तपासणी उपचारांशी संबंध नसलेल्या वैद्यकीय परीक्षकाने करणे इंग्लंड व वेल्समध्ये सप्टेंबर २०२४ पासून सक्तीचे झाले.