चामडी पिशवी ते रबरी पिंप: घरी दगड घोटण्याच्या छंदामागचा इतिहास

दोन फिरत्या रोलरवर सावकाश फिरणारे रबरी अस्तराचे पिंप, त्यात दगड, पाणी आणि कार्बोरंडम या अतिकठीण पदार्थाची भुकटी, आणि वर महिनाभराचा धीर, एवढ्यावर दगड घोटून गुळगुळीत करणाऱ्या टंबलर या यंत्राचे सारे काम चालते. १९५० च्या दशकात अमेरिकेतील हौशी संग्राहकांमध्ये हे यंत्र लोकप्रिय झाले आणि तिथून ते जगभर पोहोचले, म्हणून हा छंद परका वाटतो. प्रत्यक्षात त्यामागची कृती पश्चिम भारतातील कारागिरांना फार पूर्वीपासून अवगत होती आणि त्यासाठी लागणारा उत्तम दगड दख्खनच्या काळ्या पाषाणातच तयार झालेला आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार घडले. थंड होणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या सिलिकायुक्त पाण्यातून थरावर थर साचत अकीक तयार झाला. बेसाल्टची, म्हणजे त्या काळ्या पाषाणाची, झीज होते, पण अकीक तुलनेने टिकतो. म्हणून तो सुटा होऊन नद्यांच्या गोट्यांत आणि शेतांत सापडतो. खनिजतज्ज्ञ मोहस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या १ (सर्वांत मऊ) ते १० (सर्वांत कठीण) अशा काठिण्यश्रेणीत त्याचे स्थान ६.५ ते ७ आहे. पोलादी चाकूने तो ओरखडत नाही, आणि त्यात सलग फाटण्याच्या पातळ्या नसल्यामुळे तो हवा तसा घासता येतो. घोटकामासाठी याहून सोयीचा दगड क्वचितच मिळेल.

हे गुण माणसाने फार लवकर ओळखले. घोड नदीकाठच्या इनामगावात आणि प्रवरेकाठच्या नेवाशात ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत कॅल्सिडोनी या अकीकाच्याच कुळातील दगडाची पाती आणि कार्नेलियनचे, म्हणजे त्याच कुळातील लालसर दगडाचे, मणी मिळाले आहेत. त्याआधी सिंधू संस्कृतीत मणीकाम थक्क करणाऱ्या पातळीला गेले होते. सिंधमधील चन्हुदारो येथे १९३५-३६ मध्ये पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी मण्यांचा कारखाना उजेडात आणला, आणि गुजरातेतील लोथललाही तशीच कार्यशाळा सापडली. कार्नेलियनच्या लांब, निमुळत्या मण्यांना आरपार भोक पाडण्यासाठी तिथले कारागीर एका विशिष्ट कठीण दगडाची गिरमिटे वापरत. मॅके यांच्या स्मरणार्थ त्या दगडाला अर्नेस्टाइट असे नाव देण्यात आले. आधुनिक प्रयोगांत अशा गिरमिटाने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडले. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या मण्याला नुसत्या भोकासाठीच चाळीस तास लागतात, आणि शेवटच्या तासात मणी तडकला तर आधीचे सगळे कष्ट वाया! मेसोपोटेमियातील ऊर येथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत असे मणी मिळाले, यावरून त्यांना किती मोल होते ते कळते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तेर यांचा उल्लेख आहे. पैठणहून मोठ्या प्रमाणात अकीकासारखे दगड गाड्यांतून, अवघड वाटांनी भडोच बंदराला जात, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा मराठवाड्याच्या आजच्या वाचकासाठी हा काही दूरच्या देशाचा इतिहास नाही.

मात्र ही परंपरा अखंड टिकली ती गुजरातेत. नर्मदेच्या खोऱ्यात, भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून अकीक काढायचा आणि खंभातला नेऊन घडवायचा, ही व्यवस्था शतकानुशतके चालली. रतनपूरजवळच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या या संतपुरुषाने अकीकाच्या व्यापाराला चालना दिली अशी श्रद्धा असून सिद्दी समाजात त्यांना मोठे मानाचे स्थान आहे.

खंभातची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. दगड आधी उन्हात सुकवतात आणि मग मातीच्या मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात; आतले लोहाचे पिवळट संयुग उष्णतेने बदलते आणि दगडाला लाल रंग चढतो. पुढे कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकाला दगड टेकवून धरतो आणि दुसऱ्या हातातील हलक्या हातोडीने त्यावर टोला देतो. या हातोडीचे डोके म्हशीच्या शिंगाचे असते. गंमत अशी की कपची टोल्याच्या बाजूने उडत नाही, सळईच्या बाजूने उडते, त्यामुळे अगदी लहान मण्यालाही नेमका आकार देता येतो. घासण्यासाठी लाखेत कुरुंद या अतिकठीण खनिजाची भुकटी मिसळून बनवलेली चाके असत.

शेवटची पायरी झिलईची. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांनुसार मणी, कुरुंदजातीची भुकटी, अकीकाचा चुरा आणि पाणी चामड्याच्या पिशवीत भरून तिचे तोंड बांधत, आणि दोन माणसे समोरासमोर बसून पट्ट्याने ती पिशवी दहा-पंधरा दिवस मागेपुढे ओढत राहत. आजच्या टंबलरच्या पिंपात नेमके हेच घडते. दगड दगडावर घासतो, मधली भुकटी कोपरे झिजवते आणि पाणी ती भुकटी सगळीकडे पोहोचवते. माझ्या मते टंबलरचा खरा पूर्वज ही पिशवीच आहे, आणि त्या दोन माणसांची जागा पुढे विजेच्या मोटरने घेतली.

युरोपात हे काम जर्मनीतील ईडार-ओबरस्टाइन येथे बहरले. पाणचक्कीवर फिरणाऱ्या वालुकाश्माच्या प्रचंड चाकांपुढे कारागीर लाकडी बाकावर पालथे पडून दगड दाबून धरत. स्थानिक अकीक संपत आला तेव्हा तिथून ब्राझीलला गेलेल्या लोकांना १८२७ मध्ये तिथे विपुल साठे सापडले आणि गावाचा धंदा सावरला.

हे काम घरात येण्यासाठी स्वस्त आणि एकसारखी भुकटी लागणार होती. १८९१ मध्ये एडवर्ड अॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले, तेच कार्बोरंडम. काठिण्य नऊच्या वर आणि दाणा चाळून ठरावीक प्रतींत मिळणारा, त्यामुळे नवशिक्यालाही क्रम पाळता येऊ लागला. आधी ६०-९० ची जाड भुकटी, मग १२०-२२०, मग ५०० च्या आसपासची बारीक, आणि शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिरियम ऑक्साइडची झिलई, प्रत्येकी साधारण आठवडाभर. दोन टप्प्यांमध्ये दगड आणि पिंप कसून धुणे अत्यावश्यक आहे, कारण जाड भुकटीचा एखादा कण मागे राहिला तरी झिलईवर ओरखडे उमटतात. पुढे १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि कालांतराने हिऱ्याची धार असलेली करवतीची पाती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. त्याआधीच अमेरिकेत हौशी मंडळींचे संघ उभे राहिले होते. त्यांचा राष्ट्रीय महासंघ १९४७ मध्ये स्थापन झाला.

महाराष्ट्रात सुरुवात करणाऱ्याने एक भेद ध्यानात ठेवावा. जळगाव, पुणे, नाशिक परिसरातील खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे सुंदर स्फटिक काठिण्याने पाचच्या आत असतात आणि पिंपात त्यांचा चुरा होतो. त्यांची शोभा नैसर्गिक आकारातच आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती पाहता येते. पिंपात टाकायचे ते अकीक, जास्पर आणि गारगोटी, तेही शक्यतो एकाच काठिण्याचे.

या इतिहासाची सर्वांत गंभीर बाजू धुळीची आहे. खंभातमध्ये कोरड्या चाकावर अकीक घासणाऱ्या कारागिरांना, आणि घरातच काम चालत असल्याने त्यांच्या कुटुंबीयांनाही, सिलिकाच्या बारीक धुळीमुळे सिलिकोसिस जडला. फुप्फुसे कायमची निकामी करणारा हा आजार बरा होत नाही आणि कित्येकांचा जीव त्याने घेतला आहे. बंद पिंपात दगड ओले असल्याने हा धोका फारसा नसतो, पण करवत किंवा चाक वापरताना पात्यावर पाण्याची धार अखंड हवी आणि नाकातोंडावर धूळरोधक मास्क हवा. पिंपातला गाळ मोरीत ओतू नये. तो नळीत सिमेंटसारखा घट्ट बसतो. तो उघड्यावर सुकूही देऊ नये, कारण सुकल्यावर त्याची पुन्हा तीच धूळ होते. ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा, आणि टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.