गोल गोळीला पीळ कशाला?

'रायफलीच्या नळीतल्या पिळामुळे गोळी जोरात सुटते' हे चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकायला मिळतं. पीळ, म्हणजे नळीत आतून कोरलेल्या मळसूत्री खाचा, वेग देत नाही. उलट खाचांत घासताना थोडा वेग खातोच. मग अठराव्या शतकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाचे कारागीर साडेतीन फुटी नळीत आतून खाचा का कोरत बसायचे?

लांबट गोळीचं ठीक आहे, फिरवली नाही तर ती हवेत कोलांट्या खाते. पण या ठासणीच्या (तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायच्या) रायफलीत असते शिशाची गोल गोळी. तिने कोलांटी खाल्ली तरी आकार तोच!

गंमत इथेच आहे. गुळगुळीत नळीत (कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक बहुधा अशीच) गोळी जरा सैल बसते. ती भिंतींवर आपटत येते आणि तोंडाशी शेवटी जिथे घासते, त्यावर तिची गिरकी ठरते. फिरत्या गोळीची एक बाजू हवेच्या प्रवाहाबरोबर धावते, दुसरी त्याच्या विरुद्ध. त्यामुळे मागची हवा एका अंगाला वळते आणि गोळी दुसऱ्या अंगाला ढकलली जाते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच सरकतो, तो असाच. याला नाव मिळालं जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नसचं, १८५२च्या प्रयोगांवरून. पण इंग्लंडच्या गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्सने शंभर वर्षं आधीच हे दाखवलं होतं. त्याने बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवली. गोळी निघाली डावीकडे, पण उजव्या भिंतीवर लोळत आल्यामुळे पुढे उजवीकडे वळली. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

पीळ ही गिरकी थांबवत नाही, तिचा आस बदलतो. आस प्रवासाच्याच दिशेत आला की बाजूला ढकलणारं बल उरत नाही. ओतताना गोळीत राहिलेली पोकळीही दर फेरीला दिशा बदलते आणि तिची ओढ बरीचशी फिटते. ६६ इंचांत एक फेरा हा पीळ फारच सैल वाटतो, पण सेकंदाला ५०० मीटर वेगाने तेवढ्यातही सेकंदाला सुमारे ३०० फेऱ्या होतात. गोल गोळीला त्या पुरतात.

मात्र गोळीने पीळ धरायला हवा, आणि तो धरते चिंधी. नळी ०.५० इंच, गोळी ०.४९, तिच्याभोवती ०.०१५ इंच जाडीचं वंगण लावलेलं सुती कापड. दोन्ही बाजू धरून बेरीज ०.५२, म्हणजे कापड दाबून खाचांत शिरतं. नेम बसवणारे बार काढल्यावर पुढे पडलेल्या चिंध्या उचलून पाहतात. जळकी असेल तर कापड पातळ किंवा दारू जास्त. कापल्यासारखी असेल तर खाचांच्या कडा धारदार. काळ्या दारूचा वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून उरतो आणि ती राख हवेतला ओलावा शोषते, म्हणून दोन बारांमध्ये ओली चिंधी फिरवायची. जर्मन शिकाऱ्यांत सैतानाकडून न चुकणारी गोळी मिळते अशी समजूत होती. सैतानाने नळी साफ करून दिल्याचं मात्र कुणी सांगत नाही.

पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर आजही फक्त चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या) बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम असतो. (आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवला.) हंगामाआधीचं शेवटचं काम माशीचं, म्हणजे नेम धरायच्या खुणेचं. नळीच्या टोकावरची ही माशी कानशीने घासली की गोळी वर लागते, म्हणून ती आधी मुद्दाम उंच ठेवतात. दारूचं माप आणि चिंधी पक्की झाल्यावरच कानस हातात घ्यायची, कारण घासलेलं पितळ परत वाढत नाही.