स्की शिकायला आल्प्समध्ये: पैसे भरण्याआधी वाचून घ्या

‘दहा दिवसांत चार देश, आणि त्यातच एक दिवस स्कीइंगही बसवा.’ आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकश्या अशाच असतात. बसवता येतं, पण आम्ही तसा सल्ला देत नाही. पहिला दिवस बूट भाड्याने घेण्यात, ते पायात चढवण्यात आणि पडल्यावर उठायचं कसं हे शिकण्यात जातो. मजा यायला लागते ती साधारण तिसऱ्या दिवशी, आणि तोवर चार देशवाल्यांची बस पुढच्या शहरात पोचलेली असते. म्हणून हे पत्रक एकाच गावात आठवडाभर राहून स्की शिकू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. ज्यांना बर्फ बघायचा, हातात घ्यायचा आणि फोटो काढायचे, त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस किंवा युंगफ्राउयोखची एक दिवसाची सहल करावी. तिला एवढी तयारी लागत नाही.

आधी तारखा, मग गाव

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि आल्प्सचा हंगाम यांचं मुळात जमत नाही. हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. दिवाळीत आणि मे महिन्यात फक्त उंचावरच्या हिमनद्यांवर स्की चालतं. ऑस्ट्रियातलं हिंटरटक्स आणि स्वित्झर्लंडमधलं झेरमाट इथे ते वर्षभर असतं, पण गावाजवळच्या, नवशिक्यांच्या उतारांवर तेव्हा गवत असतं. त्यामुळे ‘दिवाळीत जाऊन शिकून येऊ’ हा बेत आम्ही मोडून काढतो.

नाताळ शाळेला सोयीचा, पण दर चढे असतात आणि कमी उंचीच्या गावांत तोवर पुरेसा बर्फ पडलेला असेलच असं नाही. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या असतात. फ्रान्सने त्यासाठी देशाचे तीन विभाग पाडले आहेत आणि प्रत्येकाला दोन आठवडे आळीपाळीने मिळतात, म्हणजे एकूण चार आठवडे गर्दी. त्यातच ब्रिटनची सुट्टी येते. आपल्याकडे तेव्हा बोर्डाच्या परीक्षा असतात, त्यामुळे हा महिना सोडलेलाच बरा.

उरतात दोन पर्याय. नव्या वर्षाचा पहिला आठवडा संपला की जानेवारी स्वस्त होतो, रांगा कमी होतात. मात्र थंडी खरी असते, वर उणे दहा-पंधरा अंश सहज, आणि दिवस लहान. मार्चचा उत्तरार्ध आमच्या आवडीचा. ऊन असतं, दिवस मोठा, माणसं बाहेर खुर्च्या टाकून जेवतात. दुपारनंतर बर्फ ओला आणि जड होतो, म्हणून तेव्हा १,८०० मीटरच्या वरचं गाव घ्यायचं आणि शिकवणी सकाळची ठेवायची. एप्रिलमध्येच जमणार असेल तर फ्रान्समधलं व्हाल थोरांस बघा. ते २,३०० मीटरवर आहे आणि एरवी मेच्या सुरुवातीपर्यंत चालू असतं. ईस्टरचे दिवस तेवढे टाळा.

नावाला भुलू नका

फ्रान्समधल्या शामोनीत १९२४ साली पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, समोर आल्प्सचं सर्वांत उंच शिखर मॉं ब्लां. बघायला जरूर जा, पण तिथली स्कीची मैदानं खोऱ्यात विखुरलेली आहेत आणि बसने ये-जा करावी लागते. ऑस्ट्रियातलं संक्ट आंटोन हे स्की शिकवण्याच्या आधुनिक पद्धतीचं माहेरघर, तरी तिथले सोपे म्हणून दाखवलेले उतारही नवख्याचे गुडघे थरथरवतात. झेरमाट सुंदर आहे, ४,४७८ मीटरचं मॅटरहॉर्न खिडकीतून दिसतं, पण नवशिक्यांचे उतार गावात नसून वर डोंगरात आहेत आणि शिकण्याच्या आठवड्यासाठी तिथले दर आम्हाला पटत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही सुचवतो ती गावं कमी ऐकलेली असतील. जानेवारीसाठी स्वित्झर्लंडमधलं वेंगेन: गावात मोटारी नाहीत, आगगाडीने जायचं, आणि शिकण्याचा उतार गावाच्या मधोमध. लहान मुलं असतील तर ऑस्ट्रियातलं झेरफाउस. मुलांसाठी तिथे वेगळी मैदानं आहेत आणि एवढ्याशा गावाच्या पोटातून चक्क भुयारी गाडी धावते, मोटारी बाहेरच ठेवाव्यात म्हणून. मार्चसाठी ऑस्ट्रियातलंच ऑबरगुर्गल, १,९०० मीटरच्या वर, बर्फाची काळजी कमी.

नकाशावर रंग बघून उतार निवडतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये हिरवा शोधत बसू नका, तिथे निळ्यापासूनच सुरुवात.

व्हिसा

फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या चौघांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज जास्त रात्री जिथे राहणार त्या देशाकडे करायचा. विमान जिनिव्हाला उतरणार आणि मुक्काम फ्रान्समध्ये असेल तर अर्ज फ्रान्सकडे. इथे पुष्कळांचा घोळ होतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधी. प्रत्यक्षात हिवाळ्याच्या तोंडावर मुलाखतीच्या वेळा मिळायला अडचण येते, म्हणून आम्ही किमान तीन महिने आधी कागद गोळा करतो. फी प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे जुना व्हिसा असेल तर पासपोर्ट सोबत आणा.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि ठशांची नोंद सुरू झाली आहे. पॅरिस, म्युनिक, फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. दीड तासाची जोडणी स्वस्त दिसली तरी आम्ही ती घेत नाही.

विमा: इथे कंजुषी नको

व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो सगळेच काढतात आणि निश्चिंत होतात. पण आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बहुधा वगळलेले असतात. म्हणजे विमानतळावर पाय मुरगळला तर पैसे मिळतील, स्कीच्या उतारावर मोडला तर नाही. पॉलिसीच्या कागदावर हिवाळी खेळांचा समावेश शब्दांत लिहिलेला आहे का, ते पाहा. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, आमच्यासुद्धा.

उतारावरून खाली आणण्याचं बिल वेगळं येतं, हेलिकॉप्टर लागलं तर ते मोठं असतं. फ्रान्समध्ये स्की पास घेतानाच थोड्या जादा पैशांत बचावाचा विमा मिळतो, तो घ्या. इटलीत तर दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे, आणि २०२५च्या हिवाळ्यापासून हेल्मेटही सगळ्या वयांना. आम्ही हेल्मेट सगळ्याच देशांत घ्यायला लावतो.

शिकवणी, पास, बूट

सामूहिक वर्ग बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि पाच-सहा दिवस चालतात. बुधवारी पोचलात तर महागडी खाजगी शिकवणी घेण्यावाचून इलाज नाही. फ्रान्समध्ये खोल्यासुद्धा शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून विमानाचं तिकीट आधी काढून ठेवू नका. शिकवणी इंग्रजीत हवी, हे नोंदणीतच सांगावं लागतं.

स्की पास म्हणजे पाळण्यांचं, लिफ्टचं तिकीट. मोठ्या स्विस ठिकाणी एका दिवसाचा पास ८० फ्रँकच्या वर जातो. पहिले दोन-तीन दिवस तो घेऊच नका. शिकण्याच्या उतारावरच्या छोट्या लिफ्टना स्वस्त पास असतो, काही गावांत त्या फुकटही असतात. स्विस ट्रॅव्हल पासने वेंगेनपर्यंत आगगाडीने जाता येतं, पण त्यावर दिवसभर स्की करता येत नाही. हे दोन्ही पास वेगळे.

स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट तिथे भाड्याने मिळतात, यातलं इथून न्यायचं काही नाही. दुकानदार उंची, वजन, वय विचारेल. वजन खरं सांगा. त्यावरून बूट स्कीला धरून ठेवणारी पकड किती घट्ट ठेवायची ते ठरतं. पडल्यावर स्की पायातून सुटली नाही तर गुडघा जातो. बूट लाकडी खोक्यात पाय घातल्यासारखेच वाटतात, त्याला उपाय नाही, पण दुखलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी बदलून मागा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पायमोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा. दोन घातले की पायात घड्या पडतात. अंगाला चिकटून असणारा कपडा सुती नको, घाम धरून ठेवतो आणि मग थंडी वाजते. जीन्स घरी ठेवा. डेकॅथलॉनमध्ये सगळं मिळतं. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका: ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, त्यामुळे हनुवटीच्या खालीही त्वचा भाजते.

निघण्याआधी दोन महिने मांड्यांची तयारी करा. पर्वती किंवा सिंहगड चढण्यापेक्षा उतरण्याचा व्यायाम इथे जास्त उपयोगी, कारण स्कीत पाय अडवून धरायचं कामच सतत असतं. दुबईमार्गे जाणार असाल आणि मध्ये वेळ असेल तर तिथल्या मॉलमधल्या बंदिस्त बर्फात मुलांना एक तास उतरवून बघा. आवडलं नाही तर तिथेच कळेल.

जेवणाचा प्रश्न

शाकाहारी माणसाचं आठवडाभर चीजवर भागतं, पण कंटाळा येतो. फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, बहुधा पांढरी वाइन असते. रोश्टीत, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या थालीपिठात, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घातलेले असू शकतात, विचारून घ्या. ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतात. काटेकोर शाकाहारी मंडळींनी आम्हाला आधी सांगावं.

म्हणून आम्ही शक्यतो स्वयंपाकघर असलेली खोली बघतो. डाळ, तांदूळ, पोहे, मसाले खुशाल न्या. तूप, पेढे, श्रीखंड, पनीर नेऊ नका: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला तिथे मनाई आहे. कढीपत्त्याची जुडीही राहू द्या. २,००० मीटरवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, तुरीची डाळ पातेल्यात शिजता शिजत नाही. छोटा कुकर नेत असाल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा न्या.

आजी-आजोबा आणि स्की न करणारे

त्यांना हॉटेलात बसवून ठेवायची गरज नाही. पायी जाणाऱ्यांसाठी लिफ्टची वेगळी तिकिटं असतात, बर्फ दाबून केलेल्या चालायच्या वाटा असतात. धडधाकट असाल तर स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डच्या वर फाउलहॉर्नपासून १५ किलोमीटरची घसरगाडीची वाट आहे. गाडी वर ओढत दोन-अडीच तास चढावं लागतं, हे मात्र जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर व्हाल थोरांससारख्या उंच गावात मुक्काम करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

उतारावरचे नियम

खाली असणाऱ्याचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने त्याला चुकवायचं. थांबायचं तर कडेला, वळणापलीकडे किंवा उंचवट्याच्या आडोशाला नाही. खुणेचे खांब ओलांडून बाहेरच्या मोकळ्या बर्फात जायचं नाही. पायांचे ठसे दिसतात म्हणून वाट सुरक्षित ठरत नाही, हिमस्खलनाचा धोका तिथे असतो आणि विमाही बहुधा तिथे लागू होत नाही. मदतीसाठी सगळीकडे ११२.

आमच्याकडे येताना

सगळ्यांची वयं, उंची, वजन, बुटाचं माप, पासपोर्टची मुदत आणि मुलांच्या परीक्षांच्या तारखा लिहून आणा. पॅकेजच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आम्ही तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरतो तो आगाऊ प्राप्तिकर, लागतो. त्याचा दर प्रत्येक अर्थसंकल्पात बदलू शकतो, पण प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना ही रक्कम वळती करून घेता येते. म्हणून पॅन ज्याच्या नावावर कर भरला जातो त्याचंच द्या. व्हिसा हाती येईपर्यंत आम्ही रद्द करता येणाऱ्याच खोल्या घेतो. त्या थोड्या महाग पडतात. स्वस्त, पण पैसे परत न मिळणारी खोलीच हवी असेल तर तसं लेखी द्यावं लागेल.