द्विनेत्री स्पर्धा

दोन डोळ्यांसमोर एकाच जागी अगदी वेगळी चित्रे आली की मेंदू सहसा त्यांची सरमिसळ करत नाही. काही सेकंद एक दिसते, मग ते विरून दुसरे येते, पुन्हा पहिले. या आलटापालटीला द्विनेत्री स्पर्धा म्हणतात.

दोन बाहुल्यांमध्ये सुमारे 6 सेंटिमीटर अंतर असल्याने एरवीही दोन्ही डोळ्यांतली चित्रे तंतोतंत सारखी नसतात. तेवढा फरक मेंदू सांधून घेतो आणि त्यातूनच खोली जोखतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला घेतला, की दोऱ्याचे टोक नेढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचा अंदाज चुकू लागतो. फरक सांधण्यापलीकडे गेला, की स्पर्धा सुरू होते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये त्रिमितीदर्शकाची, म्हणजे दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवणाऱ्या उपकरणाची, माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा एका डोळ्यापुढे वर्तुळातले ‘एस’ आणि दुसऱ्यापुढे तशाच वर्तुळातले ‘ए’ हे अक्षर ठेवले होते. वर्तुळ स्थिर राहिले, आतली अक्षरे मात्र बदलत राहिली. बदलताना त्यांचे तुकडे होऊन एकमेकांत मिसळत. कोणते अक्षर दिसावे, हे नुसत्या इच्छेने ठरवता येत नव्हते.

घरी करून पाहण्यासारखा एक सोपा प्रयोग आहे. कागदाची सुरळी उजव्या डोळ्याला लावून दूरच्या भिंतीकडे पाहावे आणि डावा तळहात सुरळीला टेकवून डाव्या डोळ्यासमोर धरावा. तळहाताला आरपार भोक पडल्यासारखे दिसते! सुरळीच्या तोंडाची ठळक गोल कड तळहाताच्या सपाट भागावर मात करते. स्पर्धेत एकूणच ठळक, रेखीव, हलणाऱ्या चित्राचे पारडे जड असते.

ही स्पर्धा डोळ्यांची की चित्रांची, म्हणजे मेंदू एका डोळ्याला दाबतो की एका चित्राला, यावर बराच वाद झाला. 1996 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ निकोस लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी दोन्ही डोळ्यांपुढची चित्रे सेकंदाला सुमारे तीनदा अदलाबदल केली, तरी पाहणाऱ्याला एकच चित्र काही सेकंद टिकून दिसे. म्हणजे निदान त्या मांडणीत तरी चुरस चित्रांची होती. स्पर्धा मेंदूच्या एकाच ठिकाणी नव्हे, अनेक पातळ्यांवर चालते, असे आज मानले जाते आणि ते पटण्यासारखे आहे.

तिरळेपणात प्रश्न याच्या जवळचा, पण परिणाम गंभीर असतो. मोठ्या माणसाला अचानक तिरळेपणा आला, तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात. लहान मुलाचा मेंदू मात्र वळलेल्या डोळ्याचे चित्र दाबून टाकतो. मूल तक्रार करत नाही, आणि घरची मंडळी ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणत थांबतात. तोच डोळा सतत दाबला गेला, तर त्याची नजर मंद होते. चष्मा लावूनही ती पूर्ण स्पष्ट होत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. त्यावर गरजेनुसार चष्मा देऊन चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकतात. हा उपचार साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला, तर गुण येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून डोळा वळलेला दिसताच मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.